बचत गटाचा दंड शीटवर काढताना

आमच्या गटात पंधरा जणी. महिन्याच्या १० तारखेपर्यंत बचत भरायची, उशीर झाला तर दहा रुपये दंड. वही मी अजूनही लिहिते, पण दंड आता एक्सेलची शीटच काढते, इफ या सूत्रानं. सूत्र बसवायला दहा मिनिटं पुरतात. ते कुठे चकवतं हे कळायला मात्र मला बरेच महिने गेले.

सूत्रं इथे देवनागरीत लिहिली आहेत. शीटमध्ये इफसारखी सूत्रांची नावं, सी, एच ही अक्षरं आणि सगळे आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका. अवतरणातला शब्द मराठीत चालतो.

ए रकान्यात नावं, बी मध्ये रक्कम, सी मध्ये भरल्याची तारीख, डी मध्ये दंड. पहिली ओळ मथळ्यांची, म्हणून नावं २ ते १६ ओळींत. बाजूला एच१ मध्ये शेवटची तारीख, एच२ मध्ये दंडाची रक्कम. दंड सूत्रातच लिहू नका. उद्या गटानं वीस रुपये ठरवले तर एकच घर (सेल) बदलावं लागेल. आता डी२ मध्ये:

=इफ(सी२<=$एच$१,०,$एच$२)

म्हणजे, तारीख मुदतीत असेल तर शून्य, नाहीतर दंड. डॉलरची खूण विसरू नका. ती नसेल तर सूत्र खाली ओढताना एच१ चं एच२ आणि एच२ चं एच३, एच४ होत जातं. तिथे दंडाची रक्कमच नसते, मग उशीर केलेल्यांपुढेही शून्य येतं आणि सगळं सुरळीत वाटतं.

पण एवढं सूत्र पुरत नाही. जिनं पैसे भरलेच नाहीत तिचं तारखेचं घर रिकामं असतं. शीट रिकाम्या घराला शून्य समजते, आणि शून्य कुठल्याही तारखेपेक्षा लहानच. मग न भरणारी बाई ‘वेळेवर’ ठरते! म्हणून रिकाम्या घराची अट सर्वांत आधी यायला हवी.

दुसरी चूक माझ्या हातून झाली आणि ती अजून मनात आहे. एका काकूंनी ६ तारखेलाच पैसे दिले होते. मी घाईत सी मध्ये ‘६ जून’ असं मराठीत लिहिलं. शीटनं ती तारीख न धरता नुसता मजकूर धरला, आणि तुलनेत मजकूर नेहमी आकड्यापेक्षा मोठा ठरतो. काकूंना दंड लागला, बैठकीत सगळ्यांसमोर वाचलाही गेला. प्रश्न दहा रुपयांचा नव्हता. त्यांनी आयुष्यात कुणाची उधारी ठेवलेली नाही. पुढच्या बैठकीत मी चूक माझी होती हे उभं राहून सांगितलं, आणि सूत्र असं केलं:

=इफ(सी२="","बाकी",इफ(इझनंबर(सी२),इफ(सी२<=$एच$१,०,$एच$२),"तारीख तपासा"))

इझनंबर (ISNUMBER) हे घरात खरा आकडा आहे का ते बघतं. शीटच्या लेखी तारीख हाही आकडाच. नजरेनंही ओळखता येतं: तुम्ही मांडणी बदललेली नसेल तर खरी तारीख घरात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. कंस शेवटी दोन आहेत, मोजून घ्या. सूत्र व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं असेल तर अवतरणचिन्हं पुसून पुन्हा टाका. तिथली वळणदार चिन्हं एक्सेलला चालत नाहीत.

किती जणी बाकी आहेत ते =काउंटइफ(डी२:डी१६,"बाकी") सांगतं. दंडाची बेरीज =सम(डी२:डी१६) नं करा. सम हे मधले शब्द सोडून देतं, पण डी२+डी३ असं अधिकचिन्हानं जोडत गेलात तर ‘बाकी’पाशी चूक दाखवतं.

रंग हवा असेल तर ए२ ते डी१६ निवडा, कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये सूत्राचा पर्याय घ्या आणि =$डी२="बाकी" लिहा. मी फिकट पिवळा ठेवलाय, लाल नाही. शीट बैठकीत सगळ्याजणी बघतात, आणि कुणाच्या घरी त्या महिन्यात काय चाललंय ते आम्हाला ठाऊक असतं.