बडोद्यात बसून मराठी मालिका आणि राजकारण कसं बघायचं

आधी पॅकचं बघून घ्या. आपल्याकडे केबलवाला किंवा डीटीएचवाला जो तयार पॅक गळ्यात मारतो त्यात गुजराती आणि हिंदी चॅनेल ढीगभर असतात, मराठी मागून घ्यावं लागतं. 2019 पासून ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमाने चॅनेल सुटं घेता येतं, त्यामुळे आख्खा महाराष्ट्र पॅक घ्यायची गरज नाही, घरात खरंच जी दोन-तीन बघितली जातात तेवढीच मागा. सह्याद्री फुकट आहे, ते असू द्या. मोबाईलवर बघणार असाल तर झी मराठीच्या मालिका झी फाईव्हवर आणि स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर मिळतात. झालं एवढंच, यात फार डोकं घालवू नका.

आता खरा मुद्दा. मला मालिका मनापासून आवडतात आणि राजकारणही आवडतं, पण दोन्ही एकाच पद्धतीने बघायचं नाही असं माझं ठाम मत आहे. मालिका गोष्ट म्हणून बघा, रडा, व्हिलनला शिव्या घाला, काही बिघडत नाही. बातम्या बघताना मात्र जरा सरसावून बसा, कारण तिथेही तेच म्युझिक आणि तोच झूम वापरतात, फक्त तिथे शेवटी मत आपलं जातं.

मालिकेपासून सुरू करू. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधे गोष्ट साधारण बावीस मिनिटांची असते, बाकी जाहिराती. त्यातही सुरुवातीला कालचं दाखवतात आणि शेवटी उद्याचं. म्हणून वेळ कमी असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी अॅपवर बघा, जाहिराती आणि कालचं सोडलं की पंधरा-सतरा मिनिटांत काम होतं, पोळ्या लाटता लाटता. कथा ताणायला लागलेत हे कसं ओळखायचं, तर कोणीतरी पडतं आणि स्मृती जाते, किंवा लग्नाचा मुहूर्त तीन आठवडे लांबतो, किंवा ज्याने खरं सांगायचं तो नेमका फोन उचलत नाही. एकच वाक्य ऐकून घरातल्या सात जणांचे चेहरे एकेक करून, प्रत्येक चेहऱ्याला तो ठ्ठाप आवाज, मधे काचेचा ग्लास फुटतो तो तीन वेळा स्लो मोशनमधे. हे दिसायला लागलं की सरळ आठवडाभर ती मालिका बंद ठेवा आणि मग बघा, काही हुकलेलं नसतं.

का ताणतात, तर दर गुरुवारी बार्कचा, म्हणजे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचा, टीआरपी येतो. नंबर चांगला असेल तर गोष्ट संपवायला कोणी तयार होत नाही, आणि पडला तर स्लॉट जातो. 'ठरलं तर मग' ही मालिका डिसेंबर 2022 पासून चालू आहे आणि टीआरपीत वर्षानुवर्षं वर, आता त्यात तो मधुभाऊंवरचा खुनाचा खटला दोन वर्षांहून जास्त चालला. लोक वैतागले खरे, पण सोडून गेले नाहीत, कारण त्यातली जोडी सायली-अर्जुन आवडते. मीही सोडली नाही. आवडत्या माणसांसाठी मालिका बघणं यात कमीपणा काही नाही, फक्त केसमधे काय झालं हे कळायला रोज बसायची गरज नाही हे लक्षात ठेवा.

आवडत्या माणसांचं हेच जेव्हा मतपेटीपर्यंत जातं तेव्हा मात्र थांबून बघायचं, आणि यात आपलं बडोदं तर फार आधीपासून आहे. 1991 ला रामायणातली सीता, दीपिका चिखलिया, इथूनच भाजपकडून खासदार झाली, तेही राजघराण्यातल्या रणजितसिंह गायकवाडांना हरवून, म्हणजे ज्या गावात राजवाड्याला अजून लोक मान देतात तिथे टीव्ही जिंकला. त्याच वर्षी रावण, म्हणजे अरविंद त्रिवेदी, साबरकांठातून निवडून आले. पुढे महाभारतातला कृष्ण नितीश भारद्वाज 1996 ला जमशेदपूरहून, आपले अमोल कोल्हे 2019 ला संभाजी महाराजांची मालिका चालू असतानाच शिरूरहून, आणि 2024 ला राम, अरुण गोविल, मेरठहून. स्मृती इराणींचं तर बघा, तुलसीवरून मंत्रीपदापर्यंत, 2024 ला अमेठीत हरल्या आणि 2025 च्या जुलैमधे परत तुलसी. माझा कलाकारांना विरोध अजिबात नाही, वकील आणि डॉक्टर निवडणूक लढवतात तर नटाने का नाही, पण मत देताना भूमिका बाजूला ठेवायची.

त्यासाठी करायचं काय ते सांगते, पाच मिनिटांचं काम आहे. पीआरएस नावाची संस्था आहे, त्यांच्या साईटवर प्रत्येक खासदाराचं पान असतं. हजेरी किती, प्रश्न किती विचारले, चर्चेत किती वेळा बोलले, सगळं दिसतं, शेजारी राज्याची आणि देशाची सरासरीही असते. नुसता हजेरीचा आकडा बघू नका, प्रश्नांची यादी उघडा आणि आपल्या शहराचं त्यात काही आहे का ते शोधा. मंत्री असलेल्यांची हजेरी तिथे धरत नाहीत, त्यामुळे तिथे रिकामं दिसलं म्हणून लगेच ग्रुपवर बोंब मारू नका. आणि भाषण कापून आलं असेल तर संसद टीव्हीवर पूर्ण ऐका, कंटाळवाणं असतं, पण दहा सेकंदांच्या क्लिपमधे जे वाक्य भांडणाचं वाटतं ते पुष्कळदा समोरच्याला दिलेलं उत्तर निघतं.

बातम्या बघताना मी तीन शब्दांवर नजर ठेवते. सूत्रांच्या माहितीनुसार, मोठी बातमी, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं फाईल फुटेज. पहिलं आलं की दोन तास थांबा, बातमी खरी असेल तर तोवर कोणीतरी नाव घेऊन बोलतं. तिसरं दिसलं की गर्दी, दगडफेक, मिठी, जे काही दाखवतायत ते आजचं नाही. आणि सहा चौकोनांतली डिबेट पूर्ण बघायची काहीच गरज नाही, पहिली फेरी ऐका, ज्यात प्रत्येकाला एकदा तरी बोलू देतात, मग आवाज बंद.

आपल्या बडोदेकरांची आणखी एक गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे आपण बघतो महाराष्ट्राचं राजकारण आणि राहतो गुजरातमधे. जून 2022 ला शिंदे आमदार घेऊन आधी सुरतेला आले, मग गुवाहाटी, तेव्हा आमच्याकडे काका, आत्या, सगळे जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर, कोण कुठल्या हॉटेलात ते पाठ. मजा आली, नाही कशाला म्हणू, पण आपल्या वॉर्डाचे चार नगरसेवक कोण हे विचारा, एकाचं नाव सांगताना थांबतात. 2021 च्या निवडणुकीत बडोदा महापालिकेत 19 वॉर्ड आणि 76 जागा होत्या, म्हणजे वॉर्डात चार. नळ, गटार, रस्ता यांच्याकडे. ऑगस्ट 2024 ला विश्वामित्री नदी 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, तेव्हा पाणी कुठवर आलंय आणि कुठला पूल बंद केलाय हे मुंबईच्या चॅनेलवरून कळणार नव्हतं. म्हणून रोज वीस मिनिटं मराठी बातम्या, आणि सकाळच्या चहाबरोबर गुजराती पेपरची बडोद्याची पानं, घरात कोणाला गुजराती वाचता येत नसेल तर मुलांना वाचून दाखवायला लावा, शाळेत शिकतातच.

घरातल्या भांडणाचं म्हणाल तर जेवताना पक्षांची नावं घ्यायची नाहीत एवढा एक नियम आमच्याकडे चालतो. सासरेबुवांशी वाद घालायचाच असेल तर रस्त्यावरून, पाण्यावरून, फीवरून घाला. ते पण मोकळे बोलतात आणि वहिनींनाही बोलता येतं, नाहीतर त्या उठून आत जातात.

आणि मतमोजणीचा दिवस. शेवटचं मतदान संपून अर्धा तास झाला की एक्झिट पोल दाखवायला परवानगी असते, ते बघा, पण पैज लावू नका, 1 जून 2024 ला बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर नेलं होतं आणि 4 जूनला आले 293. मोजणी आठला सुरू होते, आधी पोस्टल मतं, मशीनची मोजणी साडेआठच्या पुढे, त्यामुळे सव्वाआठला चॅनेलवर जे शंभर-दीडशे आघाडीवर दिसतात त्यांना काही अर्थ नसतो. मोबाईलवर निवडणूक आयोगाची निकालाची साईट उघडा, आपला मतदारसंघ काढा, आणि किती फेऱ्यांपैकी किती झाल्या ते बघा. आघाडी वेगळी, विजयी वेगळं. बडोद्यात 2014 ला मोदी पाच लाख सत्तर हजारांच्या फरकाने आले, तेव्हा दुपारीच पेढे वाटले तरी चाललं, पण याच बडोद्यात 1996 ला सत्यजितसिंह गायकवाड 17 मतांनी जिंकलेत, सतरा, हजार नाही. तेव्हा शेवटच्या फेरीपर्यंत दुकानात पेढ्यांची ऑर्डर देऊ नका.