सोसायटीच्या ग्रुपवरचा राजकीय फॉरवर्ड कसा तपासायचा

आधी मेसेजच्या डोक्यावरचे बाण बघा. पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरून आलेल्या मेसेजवर व्हॉट्सअॅप दुहेरी बाण दाखवतं आणि तो एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवू देतं. पण बाण नाही म्हणून मेसेज ताजा आहे असं धरू नका. कुणी मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण गळून पडतो.

मग त्यातला दावा एका ओळीत उतरवून काढा: कुणी, काय, कधी. निम्मे फॉरवर्ड इथेच आपटतात, कारण 'कधी'च्या जागी 'आत्ताच आलेली बातमी' एवढंच असतं. 'कुणी' हेही नीट वाचा. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, लोकसभा-विधानसभेची भारत निवडणूक आयोग. वॉर्डाच्या मतदानाबद्दल दिल्लीच्या आयोगाचा 'आदेश' फिरत असेल तर लिहिणाऱ्याला एवढंही ठाऊक नाही असं समजा.

दर निवडणुकीला एक जुनं नाणं बाहेर येतं: 'यादीत नाव नसेल तर आधार दाखवा आणि कलम 49अ खाली चॅलेंज वोट मागा. 14 टक्क्यांहून जास्त टेंडर वोट पडले तर फेरमतदान.' यातलं टेंडर वोट खरं आहे, बाकी कालवण आहे. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर ओळख पटवून कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं. ती तरतूद 1961 च्या निवडणूक नियमांतल्या 49पी मध्ये आहे. यादीत नावच नसेल तर मत देता येत नाही, आणि 14 टक्क्यांचा नियम कुठेही नाही. खऱ्याचा एक खडा घालून शिजवलेला मजकूरच सगळ्यात जास्त पचतो.

शासन निर्णयाचा फोटो आला तर शेवटचा परिच्छेद गाठा. खऱ्या जीआरमध्ये तिथे संकेतांक दिलेला असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. वरची तारीख यंदाची आणि संकेतांक 2019 ने सुरू होत असेल तर कागद जुनाच आहे, फक्त वर रंगरंगोटी झाली आहे. शंका उरली तर राज्य शासनाच्या संकेतस्थळावर तोच संकेतांक टाकून शोधा.

खरा वेळ व्हिडिओवर घालवा. तीन-चार ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या. पाटी, बस किंवा पूल दिसेल अशी जागा निवडा. चॅनेलची पट्टी आणि वर चिकटवलेला मजकूर कापून टाका, नाहीतर शोध त्या अक्षरांमागे धावतो. मग गूगल लेन्सवर टाका. टिनआय या चित्र शोधणाऱ्या संकेतस्थळावर सर्वात जुना निकाल आधी लावता येतो, तोही बघा. पाट्या उलट्या दिसत असतील तर चित्र आरशासारखं फिरवून पुन्हा शोधा.

शोधात काही सापडलं नाही तरी मुंबई स्वतःच तारीख सांगते. स्टेशनच्या फलकावर 'एल्फिन्स्टन रोड' असेल तर चित्रण जुलै 2018 च्या आधीचं, नंतर तिथे प्रभादेवी झालं. बेस्टची जुनी, बिगर-एसी डबल डेकर धावताना दिसली तर सप्टेंबर 2023 च्या आधीचं. पद्मिनी काळी-पिवळी टॅक्सी भाडं घेऊन चाललेली असेल तर ऑक्टोबर 2023 किंवा त्याआधीचं. ही खूण एकाच बाजूने चालते हे विसरू नका: जुनी बस दिसली तर व्हिडिओ जुना, पण दिसली नाही म्हणून नवा ठरत नाही. 'मुंबई बुडाली' म्हणून आलेल्या व्हिडिओत गाड्यांच्या नंबरप्लेट वाचा. एमएच 01, 02, 03 आणि 47 मुंबईचे. सगळ्याच गाड्या परराज्यातल्या दिसल्या तर पाणीही तिकडचंच असणार.

एआयने बनवलेल्या चित्रात दुकानांच्या मराठी पाट्या मोठ्या करून बघा. जोडाक्षरं मोडलेली, मात्रा हवेत तरंगणाऱ्या असतात. ही खूण दिवसेंदिवस पुसट होत चालली आहे, तेव्हा एकटीवर विसंबू नका.

आता सांगायचं कसं. ग्रुपवर 'फेक आहे' असं ठोकून दिलंत की पुढचे दोन तास पक्षांवर भांडण, आणि व्हिडिओ राहतो बाजूला. पाठवणाऱ्याला खासगीत लिहा: 'काका, यात जुनी डबल डेकर दिसतेय, सप्टेंबर 2023 च्या आधीचा आहे बहुतेक. ही मूळ लिंक.' घाई करा, कारण साधारण अडीच दिवसांपर्यंतच त्यांना स्वतःचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. त्यानंतर अॅडमिनला सांगावं लागतं. आणि काकांनी तोच व्हिडिओ बी विंगच्या ग्रुपवरही टाकला असणार, तेही विचारून घ्या.