कल्हई गेलेलं पातेलं

पुण्यात चित्रकला शिकायला आलेली मुलं स्थिरचित्राबद्दल हमखास विचारतात, "चित्रात प्रतीकं कशी आणायची?" माझंही पहिल्या वर्षी हेच चाललं होतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला सुरई, कांदा, वांगी आणि मागे चुण्या पडलेलं कापड एवढंच काढलं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात सतराव्या शतकातली डच 'व्हॅनिटास' चित्रं पाहिली. कवटी, विझलेली मेणबत्ती, वाळूचं घड्याळ. सगळ्यांचं सांगणं एकच, की हे सारं जाणार आहे. मी भारावले. जुन्या बाजारातून बंद पडलेलं घड्याळ आणलं, प्लास्टरची कवटी मिळवली आणि तीन आठवडे रंगवत बसले. सरांनी चित्र पाहिलं आणि विचारलं, "यातली कुठली वस्तू तुझ्या घरातली आहे?" एकही नव्हती.

त्या रात्री माळ्यावरून आजीचं पितळी पातेलं काढलं. डोक्यात कसलाही अर्थ नव्हता, फक्त जे दिसतंय तेच रंगवायचं ठरवलं. बाहेरून यलो ऑकर आणि रॉ अंबरने काम भागलं. आतल्या बाजूने मात्र दमवलं. कल्हईचा राखाडी अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि पांढरा मिसळून जमला, पण तळाशी, जिथे वर्षानुवर्षं पळी फिरली होती, तिथे कथील झिजून पितळ वर आलं होतं. त्या कडेला करडा कुठे संपतो आणि पिवळा कुठे सुरू होतो, हे शोधण्यात चार दिवस गेले. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवत नाहीत, आमटीत चिंच घालत नाहीत, हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. वार्षिक प्रदर्शनात एक आजी त्या चित्रापुढे बराच वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा कल्हई केलीच नाही का गं कुणी?" माझी आजी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी ते कुठेही लिहिलं नव्हतं.

प्रतीक असं वस्तूच्या झिजेतून येतं, असं माझं ठाम मत आहे. डच स्थिरचित्रांत हमखास दिसणारं अर्धं सोललेलं लिंबूही त्यांच्या काळातल्या जेवणाच्या टेबलावरचंच होतं. अमेरिकन चित्रकार ऑड्री फ्लॅकने 1977 मध्ये 'मॅरिलिन' रंगवताना व्हॅनिटासमधली मेणबत्ती आणि वाळूचं घड्याळ घेतलं, पण शेजारी लिपस्टिक आणि मॅरिलिन मन्रोचा फोटो ठेवला, आणि जुना विषय तिच्या काळाचा झाला. इटलीतल्या बोलोन्याचे चित्रकार मोरांडी (1890–1964) तर आयुष्यभर त्याच बाटल्या-बरण्या रंगवत राहिले, त्यांच्यावरची धूळसुद्धा राहू देत.

आता सरावाचं. खिडकी एकच ठेवा, ट्यूबलाइट बंद करा. उत्तरेचा उजेड मिळाला तर उत्तम, तो दिवसभर फारसा बदलत नाही. डोळे बारीक करून आधी टोन, म्हणजे कुठे उजळ आणि कुठे गडद, ते बघा, रंग नंतर. हायलाइट, म्हणजे सगळ्यात जास्त चमकणारी जागा, शुद्ध पांढऱ्याने देऊ नका. पितळेवर तो किंचित पिवळट असतो, स्टीलवर खिडकीबाहेरचं आभाळ उतरतं. कसब्यातल्या तांबट आळीत मठारकाम केलेलं, म्हणजे हातोडीने ठोकून घडवलेलं, एखादं भांडं हातात घेऊन फिरवून पाहा. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला स्वतंत्र चमक असते, आणि ती फोटोवरून काढता येत नाही. केळकर संग्रहालयात अडकित्ते आणि दिवे बघायला स्केचबुक घेऊन जा, निदान दोनदा.

मंडईतून फळं आणलीत तर ती आधी रंगवा, भांडी थांबतात. माझा एक पेरू पाचव्या दिवशी देठाजवळ काळा पडला. नवा आणायला निघाले होते, पण परत बसले आणि तो काळा डागच रंगवला.