आहारसल्ल्यामागचा पुरावा कसा तपासावा

सर्वप्रथम मूळ अभ्यास शोधावा. तो सापडत नसेल, तर सल्ला तिथेच बाजूला ठेवावा. अभ्यास उंदरांवर झाला की माणसांवर, किती जणांवर आणि किती काळ, हे सारांश वाचूनच कळते. पैसा कोणी पुरवला, तेही पाहावे.

पुढे, अभ्यासकांनी नुसते निरीक्षण केले की प्रयोग, हे तपासावे. बीटा-कॅरोटीन (शरीरात ज्यापासून अ जीवनसत्त्व बनते तो घटक) असलेल्या भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसत असे. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला आणि 1994 साली निष्कर्ष आले, तेव्हा बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत तो कर्करोग अधिकच आढळला.

खरी कसोटी टक्केवारीची आहे आणि इथे मी स्वतः चुकलो आहे. रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, असे 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले. मी त्याचा अर्थ ‘शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग’ असा लावला आणि वहिनीने मडगावहून आणलेली, स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेली चोरिसांची, म्हणजे गोव्यातल्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, माळ तिच्यादेखत फेकायला लावली.

वाढ 18 टक्के, पण कशाच्या? समजा, एरवी शंभरातल्या पाच जणांना हा आजार होतो. पाचाचे 18 टक्के म्हणजे 0.9, म्हणून पाचाचे जेमतेम सहा होतात. मूळ आकडा न देता केवळ वाढीचा टक्का सांगणाऱ्याचा सल्ला मानू नये, मग तो सांगणारा डॉक्टर का असेना. तुलनेचा मूळ आकडा आपल्या देशातला आणि आपल्या वयोगटातला असावा, हेही पाहावे.

याच संस्थेने प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक गोष्टींच्या यादीत तंबाखूच्याच गटात टाकले, यावरूनही बराच गैरसमज झाला. तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो. धोका किती मोठा आहे हे सांगत नाही, आणि तंबाखूचा धोका कितीतरी पटींनी मोठा आहे.

शेवटी प्रमाण जुळवावे. महिन्यातून एकदा चोरीस-पाव खाणाऱ्याने रोजच्या 50 ग्रॅमचा आकडा स्वतःला जसाच्या तसा लावू नये. रोज न्याहारीला सॉसेज खाणाऱ्याने मात्र तो मनावर घ्यावा.