ग्रां प्री गाडीचा हंगाम कसा अभ्यासावा : मॅक्लारेन एमपी४/४ च्या निमित्ताने

फॉर्म्युला वनमधील एखादी गाडी किती श्रेष्ठ होती हे ठरवताना तिने जिंकलेल्या शर्यती मोजून थांबण्याची सवय सार्वत्रिक आहे. १९८८ च्या हंगामात १६ पैकी १५ शर्यती जिंकणाऱ्या मॅक्लारेन एमपी४/४ बाबत तर हा मोह आवरणे कठीणच. परंतु गाडी, इंजिन आणि चालक यांचे श्रेय वेगवेगळे करायचे असेल, तर निकालांचा तक्ता सर्वांत शेवटी उघडावा.

प्रथम त्या वर्षीचे नियम वाचावेत. १९८८ हे टर्बो इंजिनांच्या (हवा दाबून आत भरणाऱ्या इंजिनांच्या) त्या पर्वाचे अखेरचे वर्ष होते. त्यांचा बूस्ट, म्हणजे आत भरल्या जाणाऱ्या हवेचा दाब, आदल्या वर्षीच्या ४ बारवरून २.५ बारवर आणण्यात आला होता आणि शर्यतीसाठीचे इंधन १५० लिटरपर्यंत मर्यादित केले होते, तर टर्बो नसलेल्या ३.५ लिटरच्या इंजिनांना इंधनाची मर्यादाच नव्हती. नियमांचा रोख टर्बोविरुद्ध असूनही टर्बो गाडीनेच हंगाम गाजवला. याचे एक कारण असे की होंडाने नव्या मर्यादांसाठी आपल्या व्ही६ इंजिनावर कसून काम केले, तर अनेक संघांनी टर्बोचा नाद आधीच सोडला होता.

मग यश इंजिनाचेच का? हे तपासायचे असेल, तर तेच इंजिन असलेली दुसरी गाडी शोधावी. अशी सोय क्वचित मिळते, पण या हंगामात ती आहे. लोटस १००टी मध्येही होंडाचेच इंजिन होते आणि ती चालवणारा नेल्सन पिके हा आदल्या वर्षीचा विश्वविजेता होता, तरीही त्याला तिसऱ्या क्रमांकापलीकडे जाता आले नाही. इटलीतील इमोलाच्या पात्रता फेरीत मॅक्लारेनचे दोन चालक आयर्टन सेना व अलाँ प्रॉस्ट पहिला व दुसरा आणि पिके तिसरा आला. मात्र पिकेची वेळ सेनाच्या वेळेहून तीन सेकंदांपेक्षाही अधिक होती. प्रत्यक्ष शर्यतीत तर दोन्ही मॅक्लारेननी त्याच्यासह सर्वांना किमान एका फेरीने मागे टाकले. इंजिन समान असताना पडलेले हे अंतर प्रामुख्याने चासी (गाडीचा सांगाडा) आणि एरोडायनॅमिक्स (हवेच्या प्रवाहाला अनुरूप रचना) यांचे मानावे लागते, आणि म्हणून मॅक्लारेनचे रचनाकार स्टीव्ह निकोल्स व गॉर्डन मरे यांच्या चमूचे श्रेय नाकारता येत नाही. त्यांच्या गाडीत चालक जवळजवळ आडवा बसे, इतकी ती बुटकी होती.

यानंतर विजयांपेक्षा अपयशांची यादी करावी, कारण गाडीची खरी ओळख तिथे होते. दोन गाड्या आणि १६ शर्यती म्हणजे एकूण ३२ सहभाग. त्यांपैकी केवळ पाच वेळा गुण हाती लागले नाहीत. प्रत्येकाचे कारण मूळ घटनेपर्यंत जाऊन पाहावे, नुसत्या शेऱ्यावर विसंबू नये. ब्राझीलमध्ये सेनासमोर ‘अपात्र’ असा शेरा आहे. पण त्याने नियमबाह्य रीतीने राखीव गाडी घेतली ती मूळ गाडीचे गिअर अडकल्यामुळे, म्हणजे हा दोष काही अंशी यंत्राचाही ठरतो. मोनॅकोत आघाडीवर असताना तो कठड्यावर आदळला, ती चूक सर्वस्वी त्याची. सिल्व्हरस्टोनच्या पावसात गाडीचा ताबा मनासारखा राहत नसल्याने प्रॉस्टने स्वतःहून माघार घेतली. मॉन्झामध्ये प्रॉस्टचे इंजिन बिघडले आणि दोन फेऱ्या उरल्या असताना आघाडीवरील सेनाची गाडी मागे पडलेल्या झाँ-लुई श्लेसेरच्या विल्यम्सला धडकली. हुकलेली एकमेव शर्यत ती हीच, आणि ती गेरहार्ड बर्गरने फेरारीसाठी जिंकली.

शेवटी गुणांकडे वळावे आणि मोजणीचा नियम आधी पाहावा. विजयाला ९ व दुसऱ्या क्रमांकाला ६ गुण होते, मात्र प्रत्येक चालकाचे सर्वोत्तम ११ निकालच धरले जात. सात विजय आणि सात दुसरे क्रमांक मिळून प्रॉस्टचे १०५ गुण झाले, पण त्यांपैकी तीन दुसरे क्रमांक वगळल्यावर ८७ उरले. आठ विजय मिळवणाऱ्या सेनाचे ९४ पैकी केवळ ४ गुण गळाले आणि ९० गुणांसह तो विश्वविजेता ठरला. त्या काळातील कोणत्याही हंगामाची टिपणे काढताना एकूण आणि ग्राह्य गुणांचे दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत.