हंबकरची गिटार घेताना आणि तिचे पिकअप बदलताना या चुका टाळा

पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचे कंपन विजेत बदलणारा भाग, आणि हंबकर म्हणजे हम (गुणगुण) मारणारा दोन कॉइलचा पिकअप. जुनी गिटार घेताना बहुतेकांची नजर आधी पिकअपवरच्या नावाकडे जाते. ती आधी नेककडे, म्हणजे गिटारच्या मानेकडे जायला हवी. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूपट्टीवर) एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधारण 0.2 ते 0.3 मिमी फट दिसली की नेक ठीक आहे. फट फार मोठी असेल किंवा अजिबात नसेल, तर ट्रस रॉड (नेकचा बाक बदलणारी आतली सळई) फिरतो का हे पैसे देण्याआधीच पाहा. तो जाम असेल तर ती गिटार सोडून द्या. हेडस्टॉक (खुंट्यांचा वरचा भाग) मागे कललेला असेल तर नटच्या (तारा टेकतात त्या वरच्या पट्टीच्या) मागची बाजू नखाने चाचपा. पडलेली गिटार बहुधा तिथेच तडकते आणि नव्या पॉलिशखाली ती तडक लपून जाते.

पिकअप तपासायला गिटार उघडावी लागत नाही. जॅकमध्ये केबल लावा, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा, मल्टिमीटर 20 किलोओहमवर ठेवा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाचे टिप व स्लीव्ह मोजा. जुन्या धाटणीचा हंबकर 7 ते 9 दाखवतो, जोरकस हंबकर 13 ते 16 पर्यंत जातो. स्विच मधोमध असेल तर दोन्ही पिकअप समांतर येऊन आकडा निम्म्याच्या आसपास येतो, ते बरोबरच आहे. पण एकट्या पिकअपचा आकडा निम्मा आला तर एक कॉइल शॉर्ट झाली आहे किंवा एखादा स्प्लिट स्विच (हंबकरची एकच कॉइल वाजवणारा) चालू राहिला आहे. असा पिकअप वाजतो, म्हणूनच घेणारा फसतो. आकडाच आला नाही तर कॉइल किंवा वायर तुटली आहे. बॅटरीवर चालणाऱ्या अॅक्टिव्ह पिकअपला ही चाचणी लागू नाही. आणि जास्त ओहम म्हणजे चांगला पिकअप, असे समजू नका. बारीक तार वापरली तरी आकडा वाढतो, मॅग्नेटचा जोर त्यातून कळत नाही.

मापे न घेता पिकअप मागवू नका

ब्रिजपाशी दोन टोकांच्या तारांमधले अंतर मोजा. ट्यून-ओ-मॅटिक ब्रिजवर ते साधारण 50 मिमी भरते, ट्रेमोलो ब्रिजवर बरेचदा 52 ते 54. ट्रेमोलो असेल तर ब्रिजचा हंबकर 53 मिमीच्या आसपासचा घ्यावा. नेकपाशी तारा जवळ येतात, तिथे 50 मिमीचाच बरा. एखाद्या मिलिमीटरच्या फरकाने काही बिघडत नाही. पिकअपचे पाय लांब आहेत की आखूड आणि पोकळीची खोली किती, हेही पाहा. पुश-पुल पॉट (ओढून स्विच बदलणारे व्हॉल्यूम किंवा टोनचे नियंत्रण) लावायचे असेल तर खोली दोनदा मोजा, कारण साध्या पॉटपेक्षा ते बरेच उंच असते.

सिंगल कॉइलच्या गिटारमध्ये हंबकर बसवून 250 किलोओहमचे पॉट तसेच ठेवले की आवाज झाकोळतो आणि दोष पिकअपला दिला जातो. 500 चे पॉट लावा, पण मोजून, कारण 20 टक्के फरक चालतो असे धरले तर 400 चे पॉटही 500 म्हणूनच विकले जाते. टोनसाठी 0.022 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरेसा आहे, त्यावर 223 छापलेले असते.

रंगांवर विश्वास ठेवू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. चार वायरींचे रंग कंपनीनुसार बदलतात. सेमूर डंकनमध्ये काळी हॉट (आवाजाचा सिग्नल नेणारी) असते, पांढरी आणि लाल एकमेकींना जोडून इन्सुलेट करायच्या, हिरवी आणि उघडी वायर अर्थला. दिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी आणि पांढरी एकत्र, हिरवी व उघडी अर्थला. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावला की सगळे बिनसते.

दोन्ही पिकअप वेगवेगळे छान वाजतात, पण मधल्या पोझिशनवर आवाज बारीक आणि नाकातून आल्यासारखा येतो? मग फेज उलटी आहे, म्हणजे दोन्ही पिकअपचे सिग्नल एकमेकांना मारतात. डाग देण्याआधीच (सोल्डर करण्याआधीच) ही तपासणी करा. मीटर पिकअपला लावून पोलवर (तारांखालच्या धातूच्या ठिपक्यांवर) लोखंडी स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि आकडा वर उडतो की खाली, ते पाहा. दोन्ही पिकअपमध्ये तो एकाच दिशेला उडायला हवा. दिशा उलट आली तर चार वायरींच्या एका पिकअपमध्ये हॉट आणि हिरवी अदलाबदल करा, उघडी वायर अर्थलाच राहू द्या. जाळीदार एक-वायरी पिकअपमध्ये हे करू नका. जाळी आणि धातूचे कव्हर जोडलेले असते, त्यामुळे कव्हरच हॉट होऊन हम घुसतो. तिथे एका पिकअपचे मॅग्नेट उलटवणे हा नीट उपाय आहे.

स्प्लिट केल्यावर हम परत येतो, तो बिघाड नाही. सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये गिब्सनसाठी ज्या रचनेचे पेटंट मागितले, तिच्यात दोन उलट कॉइल मिळूनच हम मारतात. हलका आवाज हवा पण हम नको असेल तर दोन कॉइल समांतर जोडा.

डाग आणि अर्थ

पॉटच्या पाठीवर डाग धरत नाही, म्हणून लोक सोल्डरिंग आयर्न तिथे धरूनच ठेवतात आणि आतला ट्रॅक जळतो. पाठ आधी सॅंडपेपरने घासा, 40 वॅटच्या पुढचे आयर्न आणि रोझिन कोरचे सोल्डर घ्या, दोन-तीन सेकंदांत काम संपवा. अॅसिड फ्लक्स नकोच, काही महिन्यांत जोड सडतात. ब्रिजची अर्थ वायर विसरू नका: तार आणि जॅकचे स्लीव्ह यांत मीटरने बीप दिलाच पाहिजे. तारांना हात लावल्यावर हम वाढत असेल तर जॅकवर हॉट आणि अर्थ उलटे जोडले आहेत.

मोठ्या आवाजात पिकअप किंचाळत असेल तर कॉइलमधले मेण कमी पडले आहे. पॅराफिनमध्ये सुमारे 20 टक्के मधमाश्यांचे मेण मिसळून ते गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात 65 अंशांच्या आसपास ठेवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिकअप बुडवा. थेट आचेवर कधीही नाही. बॉबिन (कॉइलची रीळ) वितळतो आणि मेण पेट घेते.

शेवटी उंची. तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून ब्रिजच्या पिकअपला सुमारे 1.6 मिमी आणि नेकच्या पिकअपला 2.4 मिमी अंतर ठेवा. एक पिकअप दुसऱ्यावर मात करत असेल तर जोरकस असेल तो खाली घ्या.