यलोनाइफच्या विधानसभेत अर्थमंत्र्यांना विचारलेले प्रश्न कसे वाचावेत

भाचा कॅनडाच्या उत्तरेला, यलोनाइफला नोकरीवर रुजू झाला आणि दुसऱ्याच महिन्यात त्याचा फोन आला. "मावशी, इथं पगारातून २ टक्के वेगळे कापतात. इन्कम टॅक्स निराळा, हा निराळा. हे काय आहे?" माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात गेली, त्यामुळे असा प्रश्न आला की मला राहवत नाही. मी त्याला म्हटलं, तिथल्या विधानसभेत अर्थमंत्र्यांना कुणी ना कुणी याबद्दल छेडलं असणारच, कामकाजाचा अहवाल बघ. त्याने काही पानं पाठवली. पहिल्या वाचनात दोघांनाही फारसं काही उमगलं नाही. सगळे एकमेकांचे आभार मानत होते आणि पैसा नेमका कुठून येतो, कुठे जातो, याचा पत्ता नव्हता.

त्यानंतर मी ती प्रश्नोत्तरं नेमाने वाचू लागले. ज्यांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत त्यांना, आणि आपल्याकडची विधानसभेची कार्यवाही ज्यांना परकी वाटते त्यांनाही उपयोगी पडेल म्हणून माझी वाचायची रीत इथे मांडते.

आधी सभागृह ओळखा

यलोनाइफ ही नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाची राजधानी. हा प्रदेश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा, आणि लोकवस्ती जेमतेम ४५,००० च्या घरात. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. ही माणसं ३३ गावांत विखुरलेली आहेत आणि त्यांतल्या कित्येक गावांना बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून ट्रक जातात, एरवी विमान.

विधानसभेत सदस्य १९. पक्ष एकही नाही. निवडून आलेले सदस्य आपल्यातूनच गुप्त मतदानाने अध्यक्ष, प्रीमियर (म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री) आणि सहा मंत्री निवडतात. आता हिशेब करा. अध्यक्ष बाजूला काढले, प्रीमियर धरून मंत्रिमंडळाचे ७ झाले, उरले ११. म्हणजे मंत्रिमंडळ कायम अल्पमतात. अर्थमंत्र्यांना अर्थसंकल्प मंजूर करून घ्यायचा तर समोर बसून प्रश्न विचारणाऱ्यांतलीच काही मतं मिळवावी लागतात.

हे डोक्यात पक्कं केल्याशिवाय पुढे वाचू नका. आपल्याला प्रश्न म्हणजे विरोधी बाकांवरून आलेला मारा अशी सवय असते. तिथे विरोधी पक्ष असा नाहीच. प्रश्न विचारणाऱ्या सदस्याच्या हातात अर्थसंकल्पावरचं मत आहे, हे मंत्र्यालाही ठाऊक असतं आणि सदस्यालाही. म्हणून भाषा सौम्य असते. पण तो सौम्यपणा म्हणजे संमती नव्हे. "उत्तराबद्दल मंत्र्यांचे आभार" या वाक्यानंतर येणारा प्रश्न बहुतेक वेळा सर्वांत धारदार असतो.

तिथल्या सभागृहाच्या राजदंडाबद्दल मला फार माया आहे. त्याच्या पोकळ दांड्यात ३३ गावांतून आणलेले खडे भरले आहेत. दंड हलवला की ते खडे सरकतात आणि पाऊस पडल्यासारखा आवाज होतो. एखादा सदस्य "माझ्या गावाच्या वाट्याला काय आलं?" असं विचारतो, तेव्हा मला तो खड्यांचा आवाज आठवतो.

मग प्रसंग ओळखा

अर्थमंत्र्यांना प्रश्न दोन ठिकाणी विचारले जातात, आणि दोन्हीकडचं उत्तर एकाच मापाने मोजू नये.

पहिलं ठिकाण तोंडी प्रश्नांचा तास. आपल्या प्रश्नोत्तराच्या तासाची आठवण व्हावी असाच, पण एक फरक मोठा आहे. आपल्याकडे तारांकित प्रश्न बरेच दिवस आधी द्यावा लागतो, तो छापून येतो, मंत्र्याकडे खात्याने तयार केलेलं उत्तर असतं. यलोनाइफला सदस्य उभा राहतो आणि तिथल्या तिथे विचारतो. मंत्र्याला सगळे आकडे पाठ नसतात, म्हणून इथे धोरण कळतं, आकडे क्वचितच.

आकडे हवे असतील तर दुसऱ्या ठिकाणी जा. सगळं सभागृहच समिती होऊन बसतं आणि खात्याखात्याच्या मागण्या पानं उलटत तपासतं. मंत्री आपल्या अधिकाऱ्यांना साक्षीदार म्हणून आत आणण्याची परवानगी मागतात, सभागृहाचे कर्मचारी त्यांना सन्मानाने जागेवर आणून बसवतात, आणि मग सदस्य विचारतात की या ओळीत गेल्या वर्षीपेक्षा एवढी वाढ कशाची. उत्तर कधी मंत्री देतात, कधी सचिव. ज्याने कधी मार्चअखेरीला खर्चाचा ताळमेळ बसवला आहे त्याला हे वाचताना घरी आल्यासारखं वाटेल. माझ्या अनुभवात भाषणांपेक्षा ही पानं शंभरपट कामाची.

वर्षही आपल्यासारखंच, १ एप्रिल ते ३१ मार्च. नेहमीच्या खर्चाचं अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत येतं, बांधकामांचं भांडवली अंदाजपत्रक वेगळं, शरद ऋतूत. अधेमधे आपल्या पुरवणी मागण्यांसारखी विधेयकं येतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये वणव्यांमुळे अख्खं यलोनाइफ रिकामं करावं लागलं, ऑक्टोबरची निवडणूक नोव्हेंबरवर गेली. अशा वर्षी मूळ अंदाजपत्रकाला धरून बसलात तर फसाल. पुरवणी मागण्या वाचल्याच पाहिजेत, कारण आगीवरचा खर्च तिथेच दिसतो. २०१९ पासून अर्थखातं सांभाळणाऱ्या कॅरोलाइन वॉझोनेक त्या निवडणुकीनंतरही अर्थमंत्री झाल्या, त्यामुळे आधीची आणि नंतरची उत्तरं शेजारी ठेवून ताडून बघता येतात.

पैसा कोणत्या पिशवीतला, ते शोधा

सगळ्या रीतीतली ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रश्न कितीही चांगला असो, पैसा कुणाचा हे ठाऊक नसेल तर उत्तर खरं की टोलवाटोलवी, हे ओळखता येत नाही.

या सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग ओटावाच्या केंद्र सरकारकडून सूत्राने ठरलेल्या अनुदानातून येतो. आपल्या वित्त आयोगाच्या शिफारशींनी राज्यांना हिस्सा मिळतो, तसाच काहीसा विचार त्यामागे आहे: दूरच्या, थंड, विरळ वस्तीच्या प्रदेशातही शाळा-दवाखाने इतरांच्या तोडीचे चालावेत. सूत्र साधं आहे. खर्चाची गरज किती ते ठरवायचं, त्यातून प्रदेशाच्या करक्षमतेचा, म्हणजे स्वतः कर लावून उभं करता येईल अशा उत्पन्नाचा, ७० टक्के भाग वजा करायचा, उरेल ते अनुदान.

कागदावर मांडून बघू. समजा गरज १०० आणि करक्षमता २०. वीसचे ७० टक्के म्हणजे १४, तर अनुदान ८६. हाती एकूण १०६. आता अर्थव्यवस्था वाढली, क्षमता २५ झाली. वजावट साडेसतरा, अनुदान साडेब्याऐंशी, हाती एकूण एकशे साडेसात. करक्षमता पाचाने वाढली आणि पदरात पडला दीड.

हे गणित एकदा स्वतः करून बघा. मग "उद्योग वाढवा, करातून पैसा येईल" असं सदस्य म्हणतात आणि अर्थमंत्री लगेच हुरळत नाहीत, त्याचं कारण समजेल. आणखी एक बारकावा: क्षमता मोजताना देशातले सरासरी दर धरतात, प्रदेशाने प्रत्यक्ष लावलेले दर नव्हे. म्हणून "दर वाढवा" आणि "उद्योग आणा" या दोन सूचनांचा अनुदानावर होणारा परिणाम एकसारखा नसतो. खनिजांवरचं उत्पन्न तर या सूत्राबाहेर, त्याची वाटणी निराळी. जमीन आणि खनिजांचा कारभार १ एप्रिल २०१४ ला ओटावाकडून यलोनाइफकडे आला, आणि मिळणाऱ्या वाट्यातला काही हिस्सा आदिवासी शासनांना दिला जातो.

कर कुणाचा, तेही तपासा

इथे भाच्याच्या २ टक्क्यांचा उलगडा होतो. कॅनडात माणूस ३१ डिसेंबरला जिथला रहिवासी असतो, त्या प्रांताला त्याचा प्रांतिक आयकर जातो. उत्तरेच्या हिऱ्याच्या खाणींत काम करणारे बरेच जण दक्षिणेतून विमानाने येतात, ठरलेले आठवडे राबतात आणि विमानानेच घरी परततात. कमाई इथली, आयकर अल्बर्टासारख्या प्रांताला. म्हणून १९९३ पासून इथे केलेल्या कामाच्या वेतनावर वेगळा कर आहे, तो आज २ टक्के. राहता कुठे हे विचारात घेत नाहीत, काम कुठे केलंत ते बघतात. आपल्या पगारपत्रकावर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, त्याचा हा लांबचा भाऊ. आपला १९७५ चा, रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी आणलेला. दोन्ही कर कुठल्या गरजेतून आले ते कळलं की भाच्याला समजावणं सोपं गेलं.

बाकीचं थोडक्यात. वस्तूंवरचा ५ टक्के जीएसटी केंद्राचा, प्रदेशाचा स्वतःचा विक्रीकर नाही. उत्तरेत राहणाऱ्यांना आयकरात मिळणारी खास वजावटही केंद्राची. त्याबद्दल यलोनाइफच्या अर्थमंत्र्यांना धारेवर धरलं तर त्या फार तर ओटावाला पत्र लिहू शकतात. पेट्रोल-डिझेलवरचा कार्बन कर मात्र १ सप्टेंबर २०१९ पासून प्रदेशाने स्वतः लावला होता, केंद्राच्या धोरणाच्या दाबाखाली. उणे चाळीस अंशांत, इंधनावरच जगणाऱ्या माणसाला तो किती टोचत असेल! त्यामुळे त्याच्यावरचे प्रश्न तापलेले असत. २०२५ च्या एप्रिलपासून लोकांवरचा तो भार गेला. त्या सहा वर्षांतली प्रश्नोत्तरं वाचताना "हे आमच्या हातात आहे" आणि "हे ओटावाने ठरवलं" ही वाक्यं वेगवेगळ्या रंगाने अधोरेखित करा.

हिऱ्यांचा धागा आपल्यापर्यंतही येतो. जगातले बहुतेक हिरे सुरतेत पैलू पाडून मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बाजारात फिरतात. कच्च्या हिऱ्याचा भाव पडला की सुरतेतला कारागीर घरी बसतो आणि यलोनाइफच्या अर्थमंत्र्यांना खाणी बंद झाल्यावर उत्पन्न कुठून येणार, असे प्रश्न येतात.

आता पूरक प्रश्नांची साखळी वाचा

एका विषयावर सदस्याला मूळ प्रश्न आणि त्यामागे काही पूरक प्रश्न मिळतात. खालचा नमुना मी स्वतः रचलेला आहे, फक्त समजावण्यासाठी.

सदस्य: माझ्या मतदारसंघातल्या आरोग्य केंद्राचा बॉयलर बदलायला यंदा तरतूद आहे का?
मंत्री: सर्व गावांतल्या इमारतींच्या देखभालीसाठी सरकार बांधील आहे.
सदस्य: भांडवली अंदाजपत्रकात हे काम नावाने आहे का?
मंत्री: ते नियोजनाच्या टप्प्यात आहे.
सदस्य: नियोजन कोणत्या तारखेला संपेल?
मंत्री: तपशील आत्ता जवळ नाही, खात्याकडून घेऊन सदस्यांना कळवते.

पहिल्या उत्तरात काहीही नाही. दुसऱ्यात मोठी बातमी आहे: "नियोजनाच्या टप्प्यात" म्हणजे यंदा बांधकामाला पैसा नाही. तिसऱ्यात एक वचन आहे आणि ते नोंदीत कायमचं उतरलं आहे. म्हणून साखळी शेवटाकडून वाचायची सवय लावून घ्या.

मी साध्या वहीत तीन रकाने आखते: रक्कम, तारीख, पिशवी. उत्तरातून जे मिळेल ते भरायचं, न मिळेल तो रकाना कोरा ठेवायचा. "कळवते" असं उत्तर आलं की पानाचा कोपरा दुमडायचा आणि पुढच्या आठवड्यांत सभागृहापुढे ठेवलेले कागद बघायचे. कधी मंत्री म्हणतात की प्रश्नाची नोंद घेते, उत्तर नंतर देईन. तिथे त्या दिवशीची साखळी तुटते आणि पूरक प्रश्न राहून जातात. अशी पानं आवर्जून जपा.

"शिल्लक" या शब्दापाशी थांबा

अर्थमंत्री शिल्लक दाखवतात आणि त्याच भाषणात कर्ज वाढल्याचंही सांगतात. यात खोटं काही नाही. शिल्लक आहे ती रोजच्या खर्चाच्या हिशेबातली, आपल्या भाषेत महसुली. तीच रस्ते, शाळा, घरं यांत जाते आणि पुरली नाही की कर्ज काढलं जातं. कर्जाची कमाल मर्यादाही केंद्र सरकार ठरवतं. तेव्हा "एवढी शिल्लक आहे तर आमच्या गावाला का नाही?" या प्रश्नाचं उत्तर वाचताना मर्यादेपर्यंत किती जागा उरली आहे ते त्याच पानावर शोधा. मंत्री बहुधा सांगतात, कारण ती त्यांचीही काळजी असते.

सुरुवात करायची तर एक गाव आणि एक विषय घ्या, उदाहरणार्थ इनुविक आणि घरं, किंवा 'हे रिव्हर' नावाचं गाव आणि रस्ता. त्या मतदारसंघाच्या सदस्याचे एका अधिवेशनातले प्रश्न तारखेच्या क्रमाने वाचा. प्रदेशाच्या ११ अधिकृत भाषा आहेत, त्यामुळे एखादं निवेदन त्लिचो किंवा ग्विचिनमध्येही भेटेल. फेब्रुवारीत हे काम हाती घेतलंत तर मार्चमध्ये मुंबईत आपला अर्थसंकल्प मांडला जाईल तेव्हा वही तयार असेल. रकाने तेच तीन ठेवा.